नऊ टेबलांचा सात-बारा : स्कीमा सोपा, मायग्रेशन अवघड का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. यावेळी माझ्या संशोधनाच्या विषयातल्या एका जुन्या पेपरबद्दल बोलायचंय. तो पेपर मला आवडतो, पण तो आपल्या यवतमाळच्या मातीत आणून ठेवला की कुठे कमी पडतो, हेही सांगायचंय. डेटाबेसची ओळख नसेल तरी चालेल. सात-बारा पाहिला असेल तर पुरे.

सुरुवात घरातून करतो. दोनेक वर्षांपूर्वी काकांचा फोन आला. "तू कम्प्युटरचं शिकतं ना? मंग हे पाय बरं, माहं पाच आर वावर गेलं कुठं?"

आजोबांचं शेत तिघा भावांत सारखं वाटलेलं. एकूण क्षेत्र ३ हेक्टर ६० आर. त्यात पोटखराब १५ आर, म्हणजे लागवडीलायक ३ हेक्टर ४५ आर. संगणकावरच्या उताऱ्यात बाबांच्या आणि काकांच्या नावापुढे १.१५ आणि मोठ्या बाबांच्या नावापुढे १.२०. बेरीज ३.५०. एकूण क्षेत्राशी ती जुळत नाही आणि लागवडीलायक क्षेत्राशीही जुळत नाही. उतारा 'विसंगत' ठरला, त्यावर डिजिटल सही चढेना आणि पीककर्जाची फाईल अडकली.

हस्तलिखित उतारा काढून पाहिला तर तिथेही हेच आकडे. म्हणजे टंकलेखनाची चूक नव्हती. कधीतरी कोणीतरी मोठ्या बाबांच्या ओळीत त्यांच्या वाट्याचा पोटखराब धरून क्षेत्र लिहिलं होतं, आणि बाकी दोघांच्या ओळीत पोटखराब वगळून. कागदावर हे वर्षानुवर्षं निवांत नांदलं, कारण शेत कोणाचं किती हे बांधावर सगळ्यांना ठाऊक होतं. संगणकाने बेरीज करायला घेतली आणि भांडण उभं राहिलं.

आता पेपरकडे येतो.

पेपर काय म्हणतो

जुनी प्रणाली बंद करून नव्या प्रणालीत डेटा न्यायचा, त्याला मायग्रेशन म्हणतात. ते करण्याआधी कोणीही विचारतो, काम किती अवघड आहे? किती माणसं, किती महिने लागतील? त्यासाठी डेटाबेसच्या रचनेची गुंतागुंत आकड्यात मोजता आली तर बरं. स्पेनमधल्या कॅस्टिया-ला मांचा विद्यापीठातल्या कोरल कालेरो, मारियो पियात्तिनी आणि मार्सेला खेनेरो यांनी २००० च्या आसपास यावर बरंच काम केलं. त्यांच्या मापांपैकी दोन मापं महत्त्वाची आहेत.

पहिलं माप म्हणजे फॉरेन कींची संख्या. एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवते, त्या बोटाला फॉरेन की म्हणायचं. पिकाची नोंद गट नंबरकडे बोट दाखवते, गट नंबर गावाकडे. दुसरं माप म्हणजे ही बोटं एकामागोमाग किती लांब जातात त्याची खोली. पीक ते गट, गट ते गाव, म्हणजे खोली दोन.

त्यांनी या मापांवर नियंत्रित प्रयोग केले आणि निष्कर्ष पक्का व्हावा म्हणून प्रयोग पुन्हाही केला. निष्कर्ष असा, की फॉरेन कींची संख्या गुंतागुंतीची चांगली खूण आहे, खोलीबद्दल मात्र तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही. स्वतःचंच एक माप टिकलं नाही हे त्यांनी उघड लिहिलं, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आमच्या क्षेत्रात तो दुर्मिळ आहे.

मग मी सात-बारा मोजला

सरकारी ई-फेरफार प्रणालीची आतली रचना मी इथे मांडत नाहीये. गाव नमुना ६ (फेरफार नोंदवही), ७ (अधिकार अभिलेख), १२ (पिकांची नोंद) आणि ८-अ (खातेदाराची एकत्रित जमीन) समोर ठेवून, वर्गात प्रकल्प करतो तसा मी स्वतःच एक आराखडा काढला. गाव, भूमापन क्रमांक, खातं, व्यक्ती, खातं-व्यक्ती, धारणा, फेरफार, इतर अधिकार, पीक. एकूण ९ टेबलं, ११ फॉरेन की, खोली २.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पोरं वाचनालयाचा प्रकल्प करतात, त्यातही साधारण एवढंच असतं. पेपरच्या मापाने सात-बारा म्हणजे डाव्या हाताचा मळ. मग एवढा सोपा डेटाबेस वाहून न्यायला महाराष्ट्राला तीन दशकं का लागली?

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या ८ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा वर्धा, आपल्या यवतमाळहून वर्धा नदी ओलांडली की लागतो तो. डिजिटल सहीचा सात-बारा लोकांच्या हातात आला १ मे २०१८ ला. मधल्या काळात सॉफ्टवेअरं बदलली, फाँट बदलले, आधी एडिट आणि मग री-एडिट मॉड्यूल आलं, २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. हे सगळं ९ टेबलांसाठी?

माझं म्हणणं थोडक्यात असं. पेपरची मापं स्कीमात जे *लिहिलेलं* आहे तेवढंच मोजतात. सात-बाऱ्याची गुंतागुंत मात्र जे लिहिलेलं नाही त्यात आहे. उदाहरणं बघू.

कंस आणि वर्तुळ

हस्तलिखित उताऱ्यात एखाद्याचा हक्क संपला की नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. ज्या फेरफाराने बदल झाला त्याचा क्रमांक शेजारी वर्तुळात लिहितात. म्हणजे कंस हे विरामचिन्ह नाही, ते एक विधान आहे : 'या माणसाचा हक्क होता, आता नाही.' आणि वर्तुळ म्हणजे 'याचा पुरावा त्या वहीत बघा.' आमच्या भाषेत कंस म्हणजे स्थिती दाखवणारा कॉलम, आणि वर्तुळ म्हणजे चक्क फॉरेन की. तलाठ्याच्या पेनाने काढलेली.

टंकताना कंस हे एक साधं अक्षर होऊन गेलं तर? तो निसटला तर हक्क संपलेला माणूस पुन्हा मालक दिसतो. चुकीच्या जागी पडला तर जिवंत हक्क मेलेला दिसतो. स्कीमा मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतं 'नाव' नावाचं एक कॉलम.

टिंब आणि आणे

हेक्टर-आरमध्ये १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. शंभर आरचा हेक्टर, म्हणून दशांश चालतो. पण जुन्या फेरफारात आणि खरेदीखतात एकर-गुंठे आहेत, आणि एकराचे गुंठे ४०. तिथे १.२० म्हणजे दीड एकर.

आता १.२० आणि १.२५ एकराचे दोन तुकडे एकत्र करा. तलाठी म्हणेल ३.०५, म्हणजे ३ एकर ५ गुंठे. संगणकाला तो आकडा साधा दशांश म्हणून दिला तर तो म्हणेल २.४५. पहिलं उत्तर साधारण १ हेक्टर २६ आर होतं, दुसरं ९९ आर. २७ आरचा फरक, एका टिंबापायी.

हिश्शांचंही तसंच. आपल्याकडे वाटा आण्यांत सांगायची पद्धत. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. तिघा भावांत वाटलं की प्रत्येकी ५ आणे ४ पै. बेरीज पूर्ण सोळा आणे, शिल्लक शून्य. आता हेच दशांशात लिहा : ०.३३, ०.३३, ०.३३. बेरीज ०.९९. उरलेला एक टक्का कोणाचा? जुन्या पद्धतीला तीनने भागता यायचं, नव्या कॉलमला येत नाही. 'जुनं ते अव्यवस्थित, नवं ते नेमकं' हे आम्ही संगणकवाले गृहीतच धरतो. इथे उलटं आहे.

वल्द, जौजे, बेवा

वऱ्हाडातल्या जुन्या कागदांत नाव 'महादू वल्द सीताराम' असं सापडतं. आडनाव नाहीच. बाईचं असेल तर 'जौजे' अमुक, ती विधवा असेल तर 'बेवा' अमुक. हे शब्द म्हणजे नाती आहेत : अमक्याचा मुलगा, अमक्याची बायको, अमक्याची विधवा. नव्या टेबलात तीन रकाने असतात, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. 'बेवा' यातल्या कुठल्या रकान्यात टाकणार? ती बाई नवऱ्यामागे वारस म्हणून आली हे त्या एका शब्दात होतं. रकान्यांत बसवताना नाव बसतं आणि नातं गळून पडतं.

इतर अधिकार

मला सगळ्यात जास्त काळजी या रकान्याची वाटते. विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, सगळं इथे. डेटाबेसवाल्याच्या नजरेत हा मोकळ्या मजकुराचा एक कॉलम. गुंतागुंत शून्य.

पण आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलाम, गोंड, परधान खातेदार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होत नाही. हे बंधन उताऱ्यावर एका ओळीने कळतं. भूदानात मिळालेल्या जमिनीचं आणि भोगवटादार वर्ग २ चंही तसंच, विकायला आधी परवानगी लागते.

म्हणजे मोकळ्या मजकुरातली ती ओळ म्हणजे अख्ख्या डेटाबेसमधला सगळ्यात कडक नियम. फॉरेन की तुटली तर प्रोग्राम आरडाओरड करतो. ही ओळ टंकायची राहिली तर कुणीच ओरडत नाही. उतारा आधीपेक्षा स्वच्छ दिसतो, एवढंच. कळतं ते जमीन गेल्यावर.

मायग्रेशन तर तलाठी दर दहा वर्षांनी करायचा

एक गोष्ट आम्ही विसरतो. हस्तलिखित सात-बाऱ्याचं साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. जुनं पान भरलं की चालू नोंदी नव्या पानावर, कंसातली नावं मागे. हे मायग्रेशनच होतं. फरक इतकाच, की ते करणाऱ्याला गाव माहीत असायचं. कोणता कंस कशाचा, कोणाचं क्षेत्र पोटखराबासकट, हे त्याच्या डोक्यात असायचं. नाहीच कळलं तर कोतवालाला विचारायचं किंवा पारावर. त्याही पद्धतीत चुका होत्या, हेतुपुरस्सर केलेल्याही होत्या, मी तिला सोन्याचा मुलामा देत नाही. पण न लिहिलेले नियम वाहून नेणारं माणूस त्या साखळीत होतं. डेटा एंट्रीच्या टेबलावर ते माणूस नव्हतं.

टीका नेमकी कशावर

री-एडिटचा हेतू असा, की संगणकातला उतारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळावा. चांगला हेतू आहे. पण त्याच वेळी नव्या प्रणालीची अट, की बेरजा जुळायला हव्यात, खातेदारांच्या क्षेत्रांचा मेळ एकूण क्षेत्राशी बसायला हवा.

या दोन मागण्या एकत्र नांदत नाहीत. हस्तलिखितच आतून विसंगत असेल, आमच्या शेतासारखं, तर तंतोतंत नक्कल केली की बेरीज चुकते आणि बेरीज जुळवली की नक्कल खोटी ठरते. कोणती मागणी मोठी, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो मायग्रेशनच्या आधी, नियोजनातच विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर लेखी हवं.

तो आधी विचारला नाही की काय होतं? विसंगती उताऱ्यावर येते, आणि ती दूर करायला कलम १५५ खाली अर्ज कोणी करायचा? खातेदाराने. खेटे कोणी घालायचे? खातेदाराने. काकांचे दोन हंगाम त्यात गेले. कापूस हमीभावाने विकायला सात-बारा लागतो, पीककर्जाला लागतो, विम्याला लागतो. त्या पाच आरांची किंमत जमिनीच्या भावात मोजू नका. सावकाराकडून उचललेल्या पैशाच्या व्याजात मोजा. आपल्या जिल्ह्यात कर्ज या शब्दाचा अर्थ काय होतो, ते मी वेगळं सांगायला नको.

कालेरो आणि सहकाऱ्यांच्या मापावर माझा खरा आक्षेप इथे आहे. त्यांची गुंतागुंत म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या अभियंत्याला समजून घ्यायला लागणारे कष्ट. ज्याची नोंद त्या डेटाबेसमध्ये आहे त्याला पडणारे कष्ट त्यांच्या समीकरणात नाहीत.

तुलनेसाठी ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं उदाहरण घ्या. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी सगळी खाती नव्या प्रणालीत नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंड दंड केला. म्हणजे चुकीची किंमत शेवटी मायग्रेशन करणाऱ्याकडे परत गेली. आपल्याकडे ती बांधावरच राहते.

चावडी वाचनाला मात्र दाद

एवढी टीका केल्यावर हेही सांगितलं पाहिजे, की या सगळ्या प्रवासातली मला सगळ्यात शहाणी वाटलेली पायरी म्हणजे चावडी वाचन. उतारे छापायचे, गाव जमवायचं, मोठ्याने वाचायचं, हरकती घ्यायच्या. आमच्या पाठ्यपुस्तकांत डेटा पडताळणीची डझनभर तंत्रं आहेत, 'ज्याचा डेटा त्याला वाचून दाखवा' हे त्यात क्वचितच सापडतं. न लिहिलेले नियम गावाच्या डोक्यात असतील, तर ते बाहेर काढायची हीच रीत.

त्यातही उणीव आहे. माणसाला वाचलेलं ऐकू येतं, न वाचलेलं नाही. गळालेली ओळ कानावर पडत नाही. आणि सासरी गेलेली बहीण, कामासाठी पुण्याकडे गेलेला भाऊ चावडीवर नसतो. तेव्हा 'हे बरोबर आहे का?' याच्या बरोबरीने 'यात काय राहिलं?' असंही विचारायला हवं, आणि जे हजर नाहीत त्यांची यादी आधी काढायला हवी.

माझी बाजूही तपासा

मी पेपरवर थोडा अन्याय करतोय का? हो, थोडा. त्या लेखकांनी मायग्रेशनचा अंदाज सांगण्याचा दावा केला नव्हता. त्यांचा विषय रिलेशनल डेटाबेसची गुणवत्ता, आणि जिथे नियम खरोखर फॉरेन कीच्या रूपात लिहिलेले असतात तिथे त्यांचं माप कामाचं आहे. चूक आमची, वापरणाऱ्यांची. स्कीमा मोजायला सोपा, म्हणून आम्ही तोच मोजतो. किल्ली अंधारात पडली आणि शोधतोय मात्र दिव्याखाली, तसं.

आणि माझं पर्यायी मापही कच्चंच आहे. सध्या मी असं करतो : मायग्रेशनआधी थोड्या नोंदी निवडायच्या, त्या सांभाळणाऱ्या माणसाशेजारी बसायचं, आणि प्रत्येक नोंद त्याच्याकडून वाचून घ्यायची. 'हे तुम्हाला कसं कळलं?' असं विचारल्यावर जे उत्तर कुठल्याच टेबलात सापडत नाही, तो एक न लिहिलेला नियम. असे नियम मोजायचे. मग प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहायच्या : तो मोडला तर प्रणाली ओरडेल का, आणि मोडल्याची किंमत कोण भरेल. 'ओरडणार नाही' आणि 'शेतकरी भरेल' अशी दोन्ही उत्तरं आली, तर ती नोंद हाताने तपासल्याशिवाय पुढे न्यायची नाही.

अडचण ही, की दोन संशोधक बसवले तर दोघांची नियमांची संख्या वेगळी येईल. फॉरेन की कोणीही मोजली तरी ११ च येतात. माझ्या मार्गदर्शकांचा हाच आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. त्यावर काम चालू आहे.

आत्ताच का लिहितोय

कारण पुढचं मायग्रेशन सुरूसुद्धा झालंय. शेतकरी ओळख क्रमांकासाठी सात-बारा आधारशी जोडला जातोय. 'महादू वल्द सीताराम'च्या नातवाचं आधारवर आडनावासकट तीन शब्दांचं नाव आहे. दोन्ही नोंदी एकाच घराच्या, हे यंत्राला कोण सांगणार? स्कीमा बघाल तर एकच फॉरेन की वाढलीय.

काकांचा उतारा आता दुरुस्त झालाय. मोठ्या बाबांच्या ओळीतले पाच आर कमी झाले आणि तिघांपुढे १.१५ आलं. बेरीज ३.४५, पोटखराब १५ आर वेगळा. सगळं जुळलं. आता मोठे बाबा विचारतात, "माहे पाच आर कुठं गेले?"

त्यांना पोटखराबाचा हिशेब मी दोनदा समजावलाय. तिसऱ्यांदा सुट्टीत गावी गेलो की बांधावरच उभं राहून समजावीन.